कोरी चौकट

चित्रकार ओदिलोंचं नाव संग्रहालयाच्या दारावर हातभर अक्षरांत लागलं, तेव्हापासून गिलेनच्या पोटात दुखत होतं. दुखणारच! ब्रुसेल्समध्ये चित्रकथेला भिंतीवरच्या कलेचा मान मिळाला, चांगलंच झालं. पण दोघांच्या पुस्तकांत रेषा त्याच्या होत्या तसे रंग तिचे होते. तो काळ्या शाईत पानं काढायचा. त्यांची फिकट निळ्या छपाईची प्रत तिच्याकडे यायची आणि गिलेन त्या प्रतीवर रंग भरायची. म्हणजे मूळ पानावर तिचा थेंबही नाही, आणि संग्रहालयाला हवी होती फक्त मूळ पानं.

आपले रंगवलेले कागदही लावा, असं तिने सांगून पाहिलं. रंग भरणं हे छपाईचं काम, कला नव्हे, असं उत्तर आलं. गिलेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी उद्‌घाटनाला ती गेली. घरी बसून नुसतं जळण्यापेक्षा डोळ्यांनी बघून जळलेलं काय वाईट?

सगळ्यात जास्त गर्दी एका पानापुढे होती. जंगलात हरवलेली मुलगी, आणि शेवटची मोठी चौकट कोरी पांढरी. केवढं धाडस, सगळी भीती नुसत्या रिकाम्या जागेत, असं एक गृहस्थ सांगत होते आणि ओदिलों वाइनचा पेला धरून मान डोलावत होता.

रिकामी कसली, कर्म! पुस्तकात त्या चौकटीत आर्देनच्या जंगलातली रात्र होती, गिलेनने निळ्यावर निळा चढवत रंगवलेली. ओदिलोंने मूळ पानावर तिथे पेन्सिलीने 'रात्र, गिलेन बघेल' एवढं लिहून हात झटकले होते. आता तेवढंही खोडलेलं होतं.

तिने त्याला बाजूला ओढलं. "खरं सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तुझे कागद लावू नका, हे मीच त्यांना सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "सही घ्यायला येणारा प्रत्येक जण पुस्तक त्याच पानावर उघडतो गं. माझ्यासमोर उभा राहून तुझ्या रात्रीचं कौतुक करतो. एकदा तरी ते पान माझं असावं, असं वाटलं."

म्हणजे आपण इकडे जळत होतो आणि हा तिकडे. गिलेनला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच दुप्पट संताप आला.

तिने संग्रहालयाच्या दुकानातून ते पुस्तक आणलं आणि त्या भिंतीपुढे, सगळ्यांच्या देखत, तेच पान उघडून त्याच्यासमोर धरलं. माना निळ्या चौकटीकडे वळल्या.

"सही कर," ती म्हणाली. "चौकटीच्या बाहेर. आत मी करते."