साखर पिणारे दगड

“अकीक म्हणजे पृथ्वीच्या पोटात मुरलेला धीर! आणि धीर काही बोचकं बांधून मुलाकडे राहायला जात नसतो!”

दगड रंगवणाऱ्या म्हाताऱ्याने हातातला लाकडी डाव उगारून जाहीर केले. समोर पातेल्यात, साखरेच्या पाण्यात अकीकाचे दगड बुडालेले होते. त्यांनी हरकत घेतली नाही. वाक्य बरे बसले होते. ‘बोचकं’ तेवढे त्याला हलके वाटले. ‘बाडबिस्तरा’ म्हणावे का, या विचारात त्याने एक दगड उलटा केला.

आज मुलगा येणार होता. आई गेल्यापासून तो फोनवर, घाईत का होईना, “या ना कायमचे” म्हणायचा. आता स्वतः येतोय, म्हणजे गळच घालणार. म्हाताऱ्याने बेत आखला होता. आधी दोनदा ठाम नकार द्यायचा. तिसऱ्यांदा विचारले की दगडांकडे पाहून सुस्कारा टाकायचा आणि हो म्हणायचे. पलंगाखाली पेटी भरून तयार होती.

मुलगा आला. स्टूल रुमालाने पुसून बसला. चहाचा घोट घेऊन थांबला.

“बाबा, साखर नाही यात.”

“दगड प्यायले.”

“सगळी?”

“अरे, काळा अकीक काय झाडाला लागतो? आधी साखर पाजायची, मग तेजाबात उकळायचं. आत शिरलेली साखर जळते, पट्टे काळेभोर होतात. पण सगळे नाही हं. एक पट्टा पितो. त्याला चिकटलेला शेजारचा जन्मभर बुडवला तरी कोरडा ठणठणीत.”

“जपा. मधुमेह व्हायचा त्यांना.”

दोघेही हसले. मग मुलाने घसा खाकरला. म्हाताऱ्याने पाठ ताठ केली आणि पहिला नकार जिभेवर आणून ठेवला.

“बाबा, एक विचारायचं होतं. अकीकाने झोप लागते म्हणतात, ते खरं का?”

नकार गिळताना म्हाताऱ्याला ठसका लागला.

“म्हणतात. दृष्ट लागत नाही म्हणतात, विंचू चावत नाही म्हणतात. पूर्वी लढाईला जाणारे दंडाला बांधायचे. जे परत आले त्यांनी दगडाची कीर्ती पसरवली. बाकीच्यांची काही तक्रार आली नाही. कुणाला हवाय?”

“सासूबाईंना. आता आमच्याकडेच असतात. नवी जागा, डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा.”

“कुठल्या खोलीत असतात?”

“ती... बागेकडची.” मुलगा कपाच्या तळाशी काहीतरी शोधत राहिला. “रिकामीच होती ना. आणि तुम्ही थोडेच येणार होता! विचारलं की नाहीच म्हणता.”

“छे छे! मी कशाला येतोय!”

इतके घोकलेले वाक्य, आणि ते असे चुटकीसरशी खपले.

म्हातारा उठला. फळीवरून त्याने न रंगवलेला एक अकीक घेतला, राखाडी, निळसर रेघांचा. सवयीने तो जिभेने ओला केला आणि उजेडात धरला.

“बाबा!”

“ओला केल्याशिवाय पट्टे कसे दिसणार? विहीणबाईंना सांगू नकोस म्हणजे झालं.”

दगड धुऊन, पुसून त्याने फडक्यात गुंडाळला. “उशाशी ठेवायला सांग. आणि पलंग खिडकीच्या बाजूला घ्या, भिंतीला नको. वारा तिकडून येतो.” मुलाचे घर बांधत असताना त्या खोलीत उभे राहून त्याने हे सगळे ठरवले होते.

मुलगा निघाला. म्हातारा दारात उभा राहिला. गाडीचे दार लागले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग दार उघडले. मुलगा खाली उतरला आणि मान खाली घालून सावकाश परत येऊ लागला.

म्हाताऱ्याने दोन्ही नकार मनातल्या मनात रद्द केले. सुस्काराही गाळायला त्याची हरकत नव्हती.

“बाबा,” मुलगा ओशाळून म्हणाला, “जरा मागून धक्का देता का? चालूच होत नाहीये.”