पोटगुरूंचे दोन ग्लास

रविवारी सकाळी नऊ वाजायच्या आत चपलांच्या दुकानावरचा हॉल भरून जायचा. उरलेले लोक जिन्यात, जिन्यात न मावलेले फुटपाथवर. जवळजवळ प्रत्येकाचा एक हात स्वतःच्या पोटावर असायचा.

स्टेजवर पोटगुरू उभे असत. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. रुग्ण समोर आला की ते गळ्यातला स्टेथोस्कोप त्याच्या बेंबीला लावत, डोळे मिटत आणि मान डोलवत.

“ऐकू येतंय मला! बाळा, तुझ्या पोटात एक अख्खं शहर वसलंय. कोट्यवधी जंतूंचं. काही सज्जन, काही गुंड. तुझ्या गुंडांनी सज्जनांना कोपऱ्यात कोंडलंय. रडताहेत बिचारे!”

जंतू कोणत्या भाषेत रडतात, हे कुणी विचारत नसे.

मग पांढऱ्या कोटातली बाई टेबलाच्या डाव्या बाजूचा एक ग्लास उचलून पुढे करायची. आत नितळ पाणी. त्यात नळीने फुंकायचं. माणूस फुंकायचा, बुडबुडे यायचे, आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. हॉलभर “बाप रे!” उमटायचं.

“ही तुझ्या पोटातली सड,” पोटगुरू हळू आवाजात सांगत.

त्यावर उपाय म्हणजे दिव्य जंतूंचं चूर्ण. एका चिमटीत नऊशे कोटी सज्जन जंतू, बर्फाच्या गुहेत ध्यान करताना स्वतः गुरूंना भेटलेले. एकवीस दिवस चूर्ण घ्यायचं, तळकट बंद, भाज्या, डाळी, फळं भरपूर, रोज चालायचं आणि बाकीची सगळी औषधं बंद. “तुमच्या गोळ्या म्हणजे माझ्या सज्जनांवर बॉम्ब!” एकवीस दिवसांनी परत यायचं, उजव्या बाजूच्या ग्लासात फुंकायचं. पाणी नितळच राहायचं. टाळ्या.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर त्यांच्या भाषणातल्या पहिल्या वाक्याचा. ते खरं होतं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यातले पुष्कळसे आपल्या कामाचे असतात. मी दुधाच्या डेअरीत विरजण विभागात आहे. जंतू दुधात सोडायचे, ठरलेल्या तापमानावर ठेवायचे आणि ते काम करतात की नाही ते बघायचं, याच कामाचा पगार मला मिळतो. हॉलच्या मागच्या बाजूला उभी राहून ते पहिलं वाक्य ऐकताना मीही मान डोलावली होती. सुरुवातीला एवढं खरं ठेवलं की पुढचं गुहेपर्यंतचं सगळं माणसं निमूटपणे गिळतात.

माझ्या दादानेही गिळलं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यात व्रण झाले. दुखणं उसळलं की दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागायचं, आणि लिफ्टच्या खड्ड्यात संडास नसतो. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लावून दिल्या. गोळ्यांनी दुखणं शांत व्हायचं, पण त्या थांबवायच्या नव्हत्या. बेचाळिसाव्या वर्षी दिवसाला आठ गोळ्या मोजून घेताना त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलंय. त्यामुळे वहिनी त्याला त्या हॉलमध्ये घेऊन गेली याचा मला राग आला नाही. कळलं तेव्हा गोळ्या बंद होऊन दोन आठवडे झाले होते, याचा मात्र आला.

मी त्याच्याकडून थोडं चूर्ण मागून घेतलं आणि डेअरीत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आयोडीनचा थेंब टाकला, तर गडद निळं झालं. म्हणजे पिष्ट, साधं मक्याचं वगैरे पीठ. जंतूंचं खाद्य घातलेल्या ताटलीत पसरून दोन दिवस ऊबेत ठेवलं. नऊशे कोटींपैकी एकही उगवला नाही.

संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन सांगितलं. तो जेवत होता.

“दादा, ते पीठ आहे. त्यात जिवंत काहीच नाही.”

“तुझ्या डेअरीत दिसत नसतील. ते दिव्य आहेत.”

“दिव्य असले तरी काचेवर दिसायला काय हरकत आहे?”

“हे बघ,” तो ताट सरकवत म्हणाला, “ग्लास मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पहिल्या दिवशी पांढरा झाला होता. तू पीठ तपासलंस, त्यांनी माझं पोट तपासलं.”

“आणि रक्त पडतंय का?”

वहिनीने भांडी घासता घासता नळ बंद केला आणि मागे वळून पाहिलं.

“अहो, पडतंय का?”

“थोडंसं,” दादा म्हणाला. “गुंड बाहेर पडताहेत. गुरू म्हणाले होते, असं होईल.”

चौथ्या दिवशी तो एका दवाखान्याच्या इमारतीत, लिफ्टच्या मोटरीशेजारी बसल्या जागी कोसळला. निदान जागा तरी सोयीची निवडली होती. दोन मजले खाली उतरवून त्याला सरळ भरती केलं.

डॉक्टरीण बाई बोलायला कोरड्या होत्या. त्यांनी रक्त चढवलं, औषधं सुरू केली आणि दादा जरा सावरल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

“गोळ्या कुणी बंद केल्या?”

“मीच,” दादा म्हणाला. “पण पोटातल्या जंतूंबद्दल ते म्हणतात ते खोटं आहे का, डॉक्टर?”

“जंतू खरे आहेत. त्यांना तंतुमय अन्न लागतं. डाळी, भाज्या, कांदा, केळं. तुम्हाला न पचणारा भाग ते खातात आणि आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडेल असं काहीतरी बनवतात. बाहेरून जिवंत जंतू दिले तर काही ठरावीक तक्रारींत काही ठरावीक जातींचा उपयोग होतो. सगळ्यांचा सगळ्यांना नाही. आणि तुमच्या गोळ्यांच्या जागी तर नाहीच. पोट शांत असताना भाज्या खा. आत्ता आठवडाभर मऊ जेवा. कळलं?”

“मग ग्लास कसा बदलला?” दादाने विचारलं.

“ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. तुम्ही होतात.”

हे वाक्य दादाला लागलं. यंत्र कसं चालतं ते आपल्याला कळलं नाही, ही गोष्ट त्याला रक्तस्रावापेक्षा जास्त झोंबली असावी.

तीन आठवड्यांनी, डॉक्टरीण बाईंना विचारून, तो माझ्याबरोबर हॉलमध्ये आला. वहिनीही आली. पोटगुरूंनी त्याला ओळखलं. दादाचा चेहरा उतरलेला होता, पण त्यांनी तेही वापरलं.

“बघा! किती हलका झालाय! या, फुंका.”

पांढऱ्या कोटातल्या बाईंनी उजवीकडचा ग्लास पुढे केला. दादाने तो घेतला नाही.

“मला डावीकडचा द्या.”

“तो नवीन रुग्णांचा आहे, बाळा.”

“मी लिफ्टवाला आहे. वर जाते म्हणून लिफ्ट ठीक, असं आम्ही म्हणत नाही. खाली आणून पण बघतो.”

त्याने स्वतःच डावीकडचा ग्लास उचलला आणि फुंकलं. पाणी पांढरं झालं.

“पथ्य मोडलंस!” पोटगुरू गरजले. “सड परतली!”

“असेल. मग तुम्ही फुंका. तुमच्या पोटात तर सगळे सज्जनच असतील.”

त्या दिवशी आपलं मौन असल्याचं गुरूंना नेमकं तेव्हा आठवलं आणि त्यांनी तसं मोठ्याने जाहीर केलं.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत पुढे आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि स्वतःच्या आम्लपित्तासाठी दुसऱ्यांदा आलेल्या. त्यांनी दादाच्या हातातला ग्लास घेऊन उजेडात धरला.

“अगं बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ही चुन्याची निवळी आहे.”

मग हॉलकडे वळल्या. “चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. तो या पाण्यात गेला की पाणी दुधाळ होतं. कुणाचंही. पोटाचा काही संबंध नाही, ही फुप्फुसातली हवा. एकतीस वर्षं मी हा प्रयोग मुलांकडून करून घेतला, आणि तीन आठवड्यांपूर्वी इथे फुंकून घाबरून घरी गेले.”

त्यांनी पहिल्यांदाच आलेल्या एका शिंपीकाकांना पुढे बोलावलं आणि त्यांच्या हातात उजवीकडचा ग्लास दिला. काकांनी जीव तोडून फुंकलं. पाणी नितळच राहिलं.

“हे नळाचं पाणी,” बाई म्हणाल्या. “अभिनंदन. औषधाआधीच बरे झालात.”

कुणीतरी हसलं, मग हळूहळू बरेच जण. एक बाई मात्र हसल्या नाहीत.

“पण मला खरंच बरं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या.

“वाटलं असेल,” मी म्हणाले. “तुम्ही तळकट सोडलंत, भाज्या-डाळी खाल्ल्यात, चालायला लागलात. तुमच्या पोटातल्या जंतूंना त्यांचं जेवण मिळालं. पोटाच्या किती तक्रारी आपोआपही कमी होतात. चूर्ण म्हणजे नुसतं पीठ, मी तपासलंय. श्रेय फक्त त्याने घेतलं.”

सगळ्यांना पटलं असं नाही. दोघे-तिघे मागच्या दाराने चूर्ण घेऊन गेलेच. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. पोटगुरू हल्ली दुसऱ्या एका शहरात गुडघ्यांशी बोलतात असं कळलं.

दादाला पूर्ववत व्हायला अडीच महिने लागले. ते सगळे दिवस वहिनी त्याच्याशी फार कमी बोलली. रागाने नाही. “मीच नेलं होतं त्यांना,” एवढंच ती मला म्हणाली.

म्हणून हे लिहिलंय. तिच्यासारखी माणसं मूर्ख नसतात, घरातलं दुखणं बघून थकलेली असतात. चमत्कार दिसला तर तो उलटा करून दाखवायला सांगा. औषध थांबवायचं असेल तर ज्याने दिलं त्यालाच आधी विचारा. आणि तुमच्या घरात कुणी चालू गोळ्या सोडून चिमटीभर पीठ खात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा. भांडण झालं तरी चालेल.