मेसची पाटी आणि टेबलाचा आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. छापखान्यात माझं एकेक पान तीनतीनदा तपासलं गेलं. शाळेत होतो तेव्हा मुलं माझ्यासाठी भांडत. पुढे हाताहातांत मोबाइल आले आणि मी रद्दीत गेलो. तिथून खानावळवाल्या मावशींनी मला उचललं ते माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे, जाडीसाठी! अकरा वर्षं मी त्यांच्या मेसमधल्या लांब टेबलाच्या आखूड पायाखाली निमूट पडून होतो.

मावशींना मात्र मी नावं ठेवणार नाही. तीस माणसांना त्या एकहाती जेवू घालतात. दारावरची ‘मेस’ ही पाटी त्यांच्या यजमानांनी स्वतः रंगवलेली. ते गेले, पाटी राहिली.

एका दुपारी कॉलेजातली भाची आली आणि पाटी पाहून तिने नाक मुरडलं.

"मावशी, इंग्रजीत मेस म्हणजे पसारा, घाण! मैत्रिणी हसतात गं. काढ ना ती."

मावशी पक्कड घेऊन स्टुलावर चढल्या. मला फार वाईट वाटलं. उत्तर माझ्याच पोटात होतं, पण तोंड मिटलेलं!

रोज जेवायला येणारे मुद्रितशोधक काका ताटावरून उठले. "थांबा वहिनी! चौकशी न करताच शब्दाला घराबाहेर काढताय?" शब्द म्हटला की काकांना दुसरं काही दिसत नाही. त्यांनी वाकून मला खस्सकन ओढलं. टेबल कलंडलं, रश्शाचं पातेलं घसरलं, वाट्या गडगडल्या.

काकांना त्याचं काय! ते वाचत सुटले. "मूळ जुनं फ्रेंच. आधीचा अर्थ, पानात वाढलेलं अन्न. मग एकत्र जेवणारी मंडळी. मग कालवून सरमिसळ केलेलं अन्न. पसारा हा अर्थ सगळ्यात धाकटा!"

"म्हणजे ह्यांनी बरोबरच लिहिलं होतं?" मावशींनी स्टुलावरूनच विचारलं.

"अगदी बरोबर, वहिनी."

मावशींनी डोळे पुसले. भाचीने कान पकडले, ओढणी खोचली आणि फडकं घेतलं. सगळ्यांनी मिळून जमीन पुसली आणि उरलेलं जेवण खालीच बसून वाटून खाल्लं.

आता टेबलाखाली लाकडी ठोकळा आहे आणि मी मिठाच्या बरणीशेजारी फळीवर. रोज सकाळी मावशी एकाच फडक्याने आधी पाटी पुसतात, मग मला.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जाड पुस्तक कशाखाली तरी दबलेलं असेल, तर त्याला बाहेर काढा. फक्त आधी वरची पातेली उचला!