शिंप्याचं वाक्य

ताईचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे तिला राग येतो हेच कुणाच्या गावी नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या तर नाहीच नाही.

दोघा भावंडांची कंपनी म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि लाकडावर अक्षरं कोरणारं एक यंत्र. तोंडाने बोलवत नाही ते डबीवर, पाटीवर कोरून घ्यायला लोक यायचे. तयार मजकुरांची वही ठेवायची नाही, हा ताईचा नियम. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, विचारायचं, आणि त्याच्या पोटातलं त्याच्याच शब्दांत बाहेर येईपर्यंत मुकाट थांबायचं. कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी असाच दीड तास बसला होता. लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. शेवटी मान खाली घालून एवढंच म्हणाला, "तुझ्या मापांचा कागद मी अजून फाडलेला नाही."

ताईने ते तस्संच डबीच्या झाकणावर कोरून दिलं.

आज शिंप्याने ती डबी परत आणून टेबलावर ठेवली. लेकीने डबी घेतली होती, वाचून छातीशी धरली होती, रविवारी जेवायला येते म्हणाली होती. शनिवारी एका मोठ्या दुकानाच्या काचेत तिला तेच वाक्य दिसलं, ओळीने मांडलेल्या कपांवर. बाबांनी अकरा वर्षांनी मन उघडलं तेही दुकानातून आणून, असं म्हणून तिने डबी शेजाऱ्याच्या हाती परत धाडली. शिंपी भांडायला आला नव्हता. या डबीचं आता काय करतात, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तो गेल्यावर ताईने भावाला हाक मारली. भाऊ जराही गडबडला नाही. धंदा वाढवायचा तर बाजार बघायला नको का? मोठ्या दुकानाला वडिलांकडून लेकीला देण्यासारखं काही हवं होतं, त्याने नमुना म्हणून हे वाक्य दाखवलं, त्यांनी डोक्यावर घेतलं. अशी संधी काय रोज दारात येते? आणि कुणाचं नाव थोडंच घातलंय? हवं तर एखादा शब्द बदलू.

"त्याच्या तोंडचा घास काढला असतास तरी चाललं असतं," ताई म्हणाली. "तू त्याची जीभच काढलीस."

एका डबीपायी एवढं काय, म्हणून भाऊ हसायला गेला आणि मध्येच थांबला. ताईने यंत्राची वायर उपटून पिशवीत घातली होती. ते कप काचेतून उतरेपर्यंत इथे एक अक्षर कोरलं जाणार नव्हतं.

भावाने दुकानात जाऊन दुपारपर्यंत कप उतरवून घेतले. पुन्हा दारात उभे राहू नका, हेही दुकानाने ऐकवलं. भावाला वाटलं, मिटलं. ताईने डबी त्याच्या हातात दिली आणि त्याला लेकीच्या घरी पाठवलं, चोरी कुणाची ते स्वतःच्या तोंडाने सांगायला.

संध्याकाळी तो डबी घेऊनच परतला. लेकीने दार अर्धंच उघडलं होतं. सगळं ऐकून घेतलं, तुम्ही दुकानदार असंच सांगणार म्हणाली, आणि दार लावलं. "आता मी आणखी काय करायचं?" तो करवादला.

ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"उद्या परत जायचं," ती म्हणाली. "परवाही. ती बापाकडे जाईपर्यंत रोज."