बूच भरलेली बॅट

१९७९ सालची, आखातातली गोष्ट. शनिवारी सकाळी बेनिटा नेहमीप्रमाणे गुदैबियातल्या घरून निघाली आणि अदलियातल्या ऑफिसात टाइपरायटरपुढे बसली. वसईची ही मुलगी चार वर्षं कंपनीत टायपिस्ट होती.

आदल्या दिवशी कंपनीच्या बेसबॉल संघाचा सामना झाला होता. अमेरिकेहून पगार देऊन आणलेल्या खेळाडूची बॅट भर मैदानात फुटली आणि आतून बूच बाहेर पडलं. फटका मारायला हलकी व्हावी म्हणून बॅट पोखरून आत बूच भरलेलं. खेळातली उघड लबाडी. लीगच्या कमिटीने खुलासा मागितला.

मॅनेजर खुलासा सांगत गेला, बेनिटा टाइप करत गेली. सुतार महादेवने बक्षिसीच्या आशेने, कोणाला न विचारता हे केलं! बेनिटाची बोटं थबकली. वर्कशॉपला या कामाची चिठ्ठी मॅनेजरने महिन्यापूर्वी तिच्याकडूनच टाइप करून घेतली होती.

सहीसाठी महादेवला बोलावलं. सावंतवाडीकडचा माणूस, इंग्रजीचा गंध नाही.

"बाये, काय लिवलेला असा हेच्यात?"

"सगळा दोष तुमच्यावर टाकलाय, महादेवभाऊ. सही करू नका."

"सायबानच चिठ्ठी धाडलेली! मी माझ्या मनान कित्या करतलंय?" महादेवने पेन खाली ठेवलं आणि मॅनेजरकडे बघून म्हणाला, "नो साइन."

चौथ्या दिवशी त्याचा व्हिसा रद्द झाला. अकरा वर्षांची नोकरी पत्र्याच्या पेटीत भरून त्याला विमानतळावर नेलं. खेळाडूला एका सामन्याची विश्रांती मिळाली, एवढंच.

बेनिटाने चिठ्ठीची कार्बन प्रत कमिटीला पाठवली. उत्तर आलं: चिठ्ठीवर सही नाही, दुसरा साक्षीदार हवा.

दुसरा साक्षीदार तिच्या घरातच होता. तिचा नवरा रेमंड सामन्यांचे गुण लिहायचा, मॅनेजरच्या शेजारी बसून. 'सुताराला बूच घट्ट भर म्हणून सांगितलं होतं,' असं बॅट फुटताच मॅनेजरला पुटपुटताना त्याने ऐकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी जेवताना हसत हसत तिला सांगितलंही होतं.

दोघांच्या सह्यांसाठी लिहिलेला साक्षीचा कागद तिने त्याच्यापुढे ठेवला.

"मी नीट ऐकलं नाही," रेमंड म्हणाला.

"रेमंड!"

"उद्या आपला व्हिसा कॅन्सल झाला तर? तो सुतार आपला कोण लागतो?"

"म्हणूनच तर त्याला निवडलं ना? कोणाचाच कोणी लागत नाही म्हणून."

रेमंड उठून बाल्कनीत गेला. बेनिटाने आपलं नाव लिहिलं. खालची ओळ कोरी राहिली. तसाच कागद तिने सकाळी स्वतः नेऊन कमिटीच्या माणसाच्या हातात दिला, आणि परत येऊन मॅनेजरला तोंडावर सांगितलं, "पत्र मी दिलंय. तुमचा तो खुलासा आता दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घ्या."

तिची नोकरी महिनाअखेरीस गेली. कमिटीचं उत्तर तोवर आलेलं नव्हतं.

विश्रांतीचा एक सामना सरताच, शुक्रवारी तो खेळाडू पुन्हा मैदानात उतरला. मंडपाच्या सावलीत कंपनीतली आपली माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यातल्या निम्म्यांना तरी महादेव कुठे गेला आणि का गेला हे ठाऊक होतं. पहिला फटका बसला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.