साधं रडणं

पडद्यावरचा बाप पांढऱ्या चादरीचं टोक उचलत होता आणि डबिंगच्या काचेच्या खोलीत तोच बाप माईकसमोर हुंदक्यासाठी श्वास भरत होता. हुंदका घशाशी आला, तोच हेडफोनमध्ये दिग्दर्शक बोलला.

"काका, एक मिनिट. इथे उचकी टाकूया का?"

श्वास तसाच गिळावा लागला.

"चादरीखाली माझा मुलगा आहे रे."

"माहितीय काका, मीच लिहिलंय. पण परवा थोड्या लोकांना सिनेमा दाखवला ना, तर तुम्ही चादर उचलली आणि लोक हसायलाच लागले. उचकीची वाट बघत होते. ती आलीच नाही, तर म्हणे फसवणूक. निर्माते म्हणतात, हसणारच असतील तर पोटभर हसू दे."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याचा अख्खा संसार उचकीवर उभा होता. पहिल्या सिनेमात हवालदार होऊन सलाम ठोकताना त्याने एक उचकी दिली आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढे तो कंपाउंडर झाला, घरजावई झाला, दोनदा न्यायाधीश झाला, एकदा तर वाघाचा शिकारी. माणसं बदलली, उचकी तीच. एका सिनेमात तो पहिल्याच दृश्यात मेला, तर प्रेताला उचकी लागली. भाजीवाली त्याला 'उचकीदादा' म्हणे. डॉक्टर छातीला नळी लावण्याआधीच हसू लागत.

बायको मात्र त्याच्या सिनेमाला जात नसे. "घरी फुकट दिसतंय की," म्हणायची. या वेळी ये आणि रुमाल घेऊन ये, असं त्याने तिला बजावलं होतं. तिने थट्टा न करता रुमालाला इस्त्री करून ठेवली होती. त्याचीच त्याला जास्त धास्ती होती.

"एकदा साधं रडतो. ऐकून तरी बघ."

"शूटिंगला रडलात की! छानच रडलात. तिथेच तर घोळ झाला." दिग्दर्शकाचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला नको असेल तर राहू दे. एक नकलाकार आहे, त्याच्याकडून घेऊ. तुमची उचकी तुमच्यापेक्षा बरी काढतो."

आपल्या मुलाच्या प्रेतावर दुसरा कुणी उचकणार, ही कल्पना त्याला सोसवेना.

"लाव," तो म्हणाला.

चादर उठली. त्याने हुंदका अर्ध्यावर तोडला आणि त्या तुटल्या जागी उचकी बसवली. अगदी मापात. इतकी चोख उचकी त्याने आजवर दिली नव्हती.

काचेपलीकडे कुणी हसलं नाही. ध्वनिमुद्रकाचा हात बटणावर तसाच राहिला. दिग्दर्शक आपल्या बुटांकडे बघत होता.

"काका, हे नको," तो म्हणाला. "हे ऐकवत नाही."

"अजून गमतीत करू?"

"उचकीच नको. निर्मात्यांचं मी बघतो. तुम्ही साधं रडा."

माईकसमोर त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. पाण्याचे दोन घोट घेतले. असं वाक्य आयुष्यात कुणी आपल्याला म्हणेल, याची आशा त्याने कधीच सोडली होती. पडदा पुन्हा उजळला, चादर उठली, त्याने तोंड उघडलं.

हिक्.

"काका, नको म्हटलं ना?"

त्याने मान हलवली. दृश्य मागे नेलं गेलं.

हिक्.

त्याने नाक दाबलं, श्वास रोखला, उरलेलं पाणी संपवलं. एवढ्या वर्षांत खरी उचकी त्याला ठाऊकच नव्हती. ती अशी दुखते, हेही नाही.

"मी नाही रे कर... हिक्... करत!"

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने खुर्चीत मागे अंग टाकलं. दिग्दर्शकाचं डोकं टेबलावर टेकलं होतं, खांदे गदगदा हलत होते. बोलायचं बटण सोडलेलं होतं, त्यामुळे हसणं नुसतं दिसत होतं. मग डोळे पुसत त्याने बटण दाबलं.

"कमाल आहात काका! मघाशी घाबरवलंत मला. हेच ठेवतो. हेच!"

पडद्यावर मुलाचा चेहरा थांबून राहिला होता. त्याने त्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. मग, सवयच ती, छातीवर हात ठेवून तो काचेकडे वळला आणि दाद घेण्यासाठी वाकला. वाकलेला असतानाच आणखी एक आली.

पलीकडे टाळ्या पडल्या.