इंद्रभानच्या रक्तातला निरोप्या

मी नायट्रिक ऑक्साइड बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी मी आहे नुसता वायू. सोनाळा गावच्या इंद्रभानच्या रक्तवाहिन्यांत जन्मतो, काही क्षणांत विरतो, की लगेच माझा भाऊ जन्मतो. आम्ही सगळे मिळून 'मी'.

माझं काम निरोप देण्याचं. "सैल हो," असं रक्तवाहिनीला सांगितलं की ती रुंदावते, रक्त सुरळीत वाहतं. भर उन्हात इंद्रभान कपाशीत तण काढायला बैलांचा डवरा हाकायचा, त्यात माझाही वाटा होता बरं का! उगाच फुशारकी नाही मारत.

मग त्याच्या डाव्या किडनीत गाठ आली. सूज उठली, राखणदार पेशी धावल्या आणि शत्रूला मारायला मला ढिगानं तयार करू लागल्या. मारणं राहिलं बाजूला! माझ्या निरोपानं वाहिन्या रुंदावल्या, नव्या फुटल्या, आणि ती भवानी आयतं रक्त पिऊन माजली. अस्सा राग आला मला! पण मला दुसरा निरोप देताच येत नाही.

लघवी लाल झाली. इंद्रभान म्हणाला, "आपल्याकडचं पानीच खारं. किडनीले बाधतेच." सारं गाव हेच म्हणायचं. त्यानं कॅनचं पाणी लावलं. काही दिवस लघवी साफ दिसली, गडी खूश! पुन्हा लाल झाली तेव्हा बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, त्याला बुलढाण्याला नेलंच. डॉक्टर म्हणाले, "गाठ अजून किडनीतच आहे. किडनी काढून टाकू."

"अन् दुसरी खाऱ्या पान्यानं गेली तं? राहू द्या. चालते तवर चालू द्या."

अन्नपूर्णाबाई उसळली. "हंगाम सरला तरी फरदड म्हनून कपाशी उभी ठेवली तुमी. कापसाचा एक वेचा आनखी भेटन म्हने! बीटी बियानं आहे, अळी लागत नाही म्हने! गुलाबी अळी साऱ्या वावरात पसरली का नाही? आता किडनीची बी फरदड ठेवता काय?"

इंद्रभान डॉक्टरांकडे वळला. म्हणाला, "काढा."

ऑपरेशन झालं, गाठीतले माझे भाऊ किडनीबरोबर गेले. उजवीनं एकटीनं कामाला सुरुवात केली. नळीच्या पिशवीत जमलेली लघवी अन्नपूर्णाबाईनं खिडकीशी वाकून पाहिली. पिवळी, स्वच्छ. ती तिथंच खाली बसून रडू लागली.

"आता रडून काऊन राह्यली वं?"

"तुमाले नाही समजनार. पडा गुमान."

मंडळी, लघवीत लाल दिसलं तर पाण्यावर ढकलू नका, तपासून घ्या. रक्ताला वाट मी करून देतो, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण हट्टी माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायला अन्नपूर्णाबाईच लागते.